आजाऱ्याचा वाटा

मी वसईच्या माणिकपूरला चष्म्याच्या दुकानात काम करते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून लोकांना हसू येतं, आणि त्यांनी हसायला माझी हरकत नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या नाकावर फ्रेम नीट बसवणाऱ्या बाईला स्वतःच्या डोळ्यांचं काय चाललंय याचा पत्ता नसावा, ही तशी गंमतच आहे.

आमच्या धर्मग्रामाच्या चर्चमध्ये आजाऱ्यांसाठी मिस्सेची प्रार्थना झाली तेव्हा फादरांनी मला चार शब्द बोलायला उभं केलं. मी आधी रडले, मग ऑपरेशनचं आणि विम्याने पैसे दिल्याचं सांगितलं आणि खाली बसले. बाहेर आल्यावर पायरीवर बायकांनी गाठलं. एकीनेही ऑपरेशनचं विचारलं नाही. सगळ्यांचे प्रश्न विम्याचे होते. ‘खरंच देतात का गं?’ हा त्यातला पहिला. तेव्हा उभ्याउभ्या सांगता आलं नाही, म्हणून आता बसून लिहिते आहे.

मान न वळवणारी

सुरुवात कधी झाली ते मला नेमकं सांगता येणार नाही. दुकानात गिऱ्हाईक माझ्या बाजूला येऊन उभं राहायचं आणि मला दिसायचंच नाही. खाकरल्यावर मी दचकायची. आमच्या पाचूबंदरच्या कोळीवाड्यात बायका म्हणू लागल्या, सुझी आता साहेबीण झाली, रस्त्यात ओळख दाखवत नाही. माझी आई, आमची आय, आजही मासे विकायला बसते. तिच्या पाटीला बाजारात माझा पाय लागला. एकदा लागला तेव्हा ती काही बोलली नाही, दुसऱ्यांदा लागला तेव्हा बरंच बोलली.

कपाळामागे एक जडपणा असायचा. थकवा असायचा. चाळिशीच्या पुढच्या बाईला या गोष्टींचं कारण सगळं गाव सांगतं, तसं मलाही सांगितलं. मी चष्मा बदलला. स्टाफला सूट मिळते, म्हणून जरा झोकदारच घेतला. चेहरा छान दिसू लागला, बाकी काही दिसण्यात फरक पडला नाही.

मग एका दुपारी माणिकपूरच्या नाक्यावर रिक्षा माझ्या कोपराला घासून गेली. रिक्षावाला ओरडला, "आंधळी आहेस काय?" मी दुकानात आले आणि हे हसत हसत रेश्माला सांगितलं. रेश्मा आमच्याकडे डोळे तपासते. ती हसली नाही. तिने मला समोर बसवलं आणि म्हणाली, "माझ्या नाकाकडेच बघायचं. बोट हललेलं दिसलं की सांग."

मी बघत बसले. बोट काही येईना. मी म्हटलं, "हलव की." ती म्हणाली, "मी मघापासून दोन्ही हात हलवतेय."

हे वाक्य मी जन्मभर विसरणार नाही. माझ्या दोन्ही बाजूंचं जग नाहीसं झालं होतं आणि ते गेलं याचा मला आवाजसुद्धा आला नव्हता.

वाटाणा आणि सुपारी

एमआरआय झाला. वसईच्या डॉक्टरांनी मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयात मेंदूच्या सर्जनकडे पाठवलं. त्या निघाल्या बाई, माझ्याच वयाच्या. त्यांनी माझ्या डोक्याचं चित्र पडद्यावर लावलं आणि मी बघतच राहिले. भीती नंतर वाटली, आधी नवलच वाटलं. इतकी वर्षं ज्याच्यातून मी विचार करत होते, भांडत होते, माशाचा भाव करत होते, ते हे असं दिसतं तर.

"डोक्याच्या मधोमध, नाकाच्या मागच्या बाजूला एक ग्रंथी असते," मॅडम म्हणाल्या. "वाटाण्याएवढी. उंची, पाळी, झोप, तहान, सगळ्याचा कारभार तिच्याकडे. तुमच्या त्या ग्रंथीवर गाठ झाली आहे. सुपारीपेक्षा थोडी मोठी."

माझा नवरा डॉमनिक होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. त्याला आडवळणाने विचारता येत नाही. "कॅन्सर हाय का?"

"बहुतेक नाही. असल्या गाठी सहसा साध्या असतात. पण जागा अडचणीची आहे. तिच्या डोक्यावरूनच नजरेच्या नसा जातात. गाठ त्यांना खालून ढकलते आहे. नस फार काळ दबलेली राहिली तर दाब काढल्यावरही ती परत उठत नाही. म्हणून थांबायचं नाही."

मी विचारलं, "डोकं उघडणार?"

"नाही. नाकातून जाणार."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. नाकातून म्हणजे कसं, हे मॅडमनी चित्र काढून सांगितलं. दुर्बिणीची बारीक नळी, बारीक हत्यारं, मागचं पातळ हाड उघडायचं आणि गाठ तुकड्यातुकड्यांनी काढायची. डॉमनिकने चित्र हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं. "म्हंजे इंजिन न खोलता," तो म्हणाला.

मॅडम हसल्या. "इंजिन न खोलता."

त्यानंतर डॉमनिकचा त्यांच्यावर जो विश्वास बसला तो बसला. मला मात्र परतताना घोडबंदरच्या खाडीपुलावर गाड्यांच्या रांगेत अडकल्यावर रडू फुटलं. खाडीचं पाणी समोर दिसत होतं तेवढंच दिसत होतं. आंधळी होण्याची भीती मला मरणाच्या भीतीहून मोठी वाटली. आमची ओढाताण होईल, आयला म्हातारपणी माझं करावं लागेल, हे सगळं त्यात होतंच. पण खरी भीती अगदी साधी होती. मला बघायचं होतं.

होडी आणि पॉलिसी

विमा मी आजाराच्या बऱ्याच आधी घेतला होता. दुकानात एक बाई चष्म्याला यायच्या, विम्याचं काम करायच्या. त्यांचं बोलणं ऐकून मी माझ्या पगारातून आम्हा दोघांची पॉलिसी काढली. त्यांनी सगळे आजार एकेक करून विचारले. काहीच नव्हतं, तेच सांगितलं. डॉमनिक म्हणाला, "ह्या पैशात दरवर्षी नवं जालं आलं असतं." आय म्हणाली, "दुखन्याला आगाऊ बोलावनं कशाला धाडतेस?" मी दरवर्षी हप्ता भरत राहिले आणि दरवर्षी दोघांची बोलणी खात राहिले.

आमच्या घराची रीत मला इथे सांगायला हवी, कारण पुढे सगळं तिच्यावरच येऊन ठेपलं. माझा बा तांडेल होता, म्हणजे होडीचा कप्तान. होडी धक्क्याला लागली की डिझेल-बर्फाचा खर्च बाजूला काढून उरलेल्याचे वाटे पडायचे. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, तांडेलाचा, एकेका खलाशाचा. आणि एखादा खलाशी आजारी पडून घरी असला तर त्याचाही वाटा पडायचा, तो बरा होऊन परत दर्यावर येईपर्यंत. खलाशाची बायको पाटी घेऊन यायची. आय तिच्या पाटीत मासे टाकायची. त्या पाटीकडे बघायचं नाही, मोजायचं नाही, आणि त्या बाईने आभार मानायचे नाहीत, असा बाचा नियम होता. तो म्हणायचा, हा तिच्या नवऱ्याचाच वाटा, आपण कोण देणारे?

पण बा कडकही होता. एक माणूस आजारी पडल्यावर होडीवर नाव घालायला आला होता. आज नाव घालायचं, उद्या आजाऱ्याचा वाटा मागायचा, असा त्याचा बेत. बाने त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. तू बरा होऊन ये, मग आयुष्यभर वाटा घे, म्हणाला.

बा गेला. होडी आता माझा चुलतभाऊ चालवतो, आमचा तिच्यात भाग आहे. आजाऱ्याचा वाटा अजून पडतो.

आयने नीट सांगितलं

आमच्या कोळीवाड्यात बाईचं वय कमी करून सांगतात आणि दुखण्याचं वाढवून. त्याला कारण आहे. पूर्वी दवाखान्यात ‘कालपासून दुखतंय’ म्हटलं की डॉक्टर मान वर न करता गोळ्या द्यायचे आणि पुढच्याला बोलवायचे. ‘फार जुनं आहे’ म्हटलं की नळी छातीला लावायचे. तेव्हापासून आमच्याकडे कालचा खोकला ईस्टरआधीच्या उपवासकाळापासूनचा असतो आणि परवाची कंबर पहिल्या बाळंतपणापासूनची. हे खोटं आहे असं कोणाला वाटतच नाही. ही दुखण्याची ओळख करून देण्याची पद्धत आहे.

मला दाखल केलं त्या दिवशी नजरेच्या तपासणीला खाली नेलं होतं. आय माझ्या खाटेजवळ बसली होती. एक तरुण डॉक्टर आले आणि त्यांनी विचारलं, त्रास कधीपासून आहे? आय अशा प्रश्नाची वाटच बघत असते.

मी परत आले तेव्हा ती खुशीत होती. "मी नीट सांगितलंय त्याला," म्हणाली. "तिचं डोकं ल्हानपनापासून दुखतं म्हटलं. फार वर्सांचं हाय. त्यानं सगलं लिवून घेतलं." मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आयच्या पद्धतीत मीही वाढलेली.

मंजुरी थांबली

रुग्णालयात एक विमा कक्ष होता. कंपनीने बिल परस्पर रुग्णालयाला भरावं यासाठी आधी मंजुरी लागते, ते आमचं काम तिथे वैशाली नावाची मुलगी बघत होती. ऑपरेशनच्या आदल्या सकाळी तिने मला आणि डॉमनिकला बोलावलं. तिच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं.

"कंपनीने मंजुरी थांबवली आहे," ती म्हणाली. "तुमच्या केसपेपरवर लिहिलंय, बऱ्याच वर्षांपासून डोकेदुखी, लहानपणापासून. ते विचारतायत, आजार जुना होता तर पॉलिसी घेताना सांगितला का नाही? जुन्या उपचारांचे कागद मागितलेत."

"कसले उपचार?" मी म्हटलं. "लहानपणी उन्हात पाटी घेऊन फिरलं की कोणाचं डोकं दुखत नाही?"

"मला पटतंय हो. पण त्यांच्यासमोर तो कागदच आहे."

मग तिने समजावलं. पॉलिसी घेण्याआधी ज्याचं निदान झालेलं आहे किंवा ज्यावर औषधपाणी झालेलं आहे, तो आधीचा आजार. तो सांगायचाच असतो. सांगितला तर काही वर्षं थांबून त्यालाही संरक्षण मिळतं. लपवला तर मात्र पॉलिसीच धोक्यात येते. आम्ही लपवलं असा त्यांना संशय होता. ऑपरेशन स्वतःच्या पैशाने करून नंतर दावा करता येतो, हेही तिने सांगितलं. तेवढे पैसे कुठून आणायचे, हे तिला सांगता येण्यासारखं नव्हतं.

डॉमनिक बाहेर आला तो सरळ आयसमोर उभा राहिला. "तुमी काय बोलून बसलाव? तुमच्या एका शब्दापायी आता होडीचा भाग इकावा लागनार." तो आयला कधी वर आवाज करून बोललेला नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाई बघू लागल्या. मीही आयची बाजू घेतली नाही. मला तिचा राग आला होता, खरं सांगते. त्या सकाळी चहाचा कप बाजूच्या टेबलावर ठेवताना मी तो हवेतच सोडला होता, आणि ऑपरेशन लांबलं तर अजून किती जग माझ्या हातून सुटणार आहे याचा हिशोब माझ्याच्याने होत नव्हता.

आय खाटेच्या पायथ्याशी बसली. घरून आणलेला डबा तिने उघडला नाही. मग म्हणाली, "पन दुखनं जुनं असलं तर द्यायला नको काय? जुनं दुखनं वाईट. त्यांनी लवकर द्यायला पायजे."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, हिला खरंच कळलेलं नाही. आणि कसं सांगायचं तेही कळलं.

"आय," मी म्हटलं, "बा आजाऱ्याचा वाटा कोणाला द्यायचा?"

"खलाश्याला."

"कुठल्याही?"

"आपल्या होडीवरच्या."

"आणि जो आजारी पडल्यावर नाव घालायला आला होता?"

"त्याला कशाला देल? तो लबाड."

आयचं तोंड हळूहळू बदललं. तिने डोक्यावरचा पदर काढला, परत घेतला.

"म्हंजे तू आधी दुखनं घेतलंस आनि मंग होडीवर चढलीस, असं त्यांना वाटतंय?"

"हो."

"माज्या बोलन्यानं?"

आय उठली. लुगडं नीट केलं. "ती डॉक्टरीन कुटे बसते?" तिने डॉमनिकला विचारलं.

खरं वय

मॅडम राउंडला निघाल्या होत्या. आय त्यांच्या वाटेत उभी राहिली. डॉमनिक मागे होता, मी खाटेवरून ऐकत होते. माझी आई आयुष्यभर डॉक्टरसमोर उभी राहिली ती दुखणं वाढवून सांगायला. कमी करून सांगायला ती पहिल्यांदाच उभी राहिली होती.

"बाय, मी चुकीचं सांगितलं. तिचं दुखनं जुनं नाय. आमी तसं बोलतो. डॉक्टरनं नीट बघावं म्हनून बोलतो."

मॅडम थांबल्या. त्यांनी तिला खुर्ची दिली. मग शांतपणे विचारत गेल्या. लहानपणी डोकं दुखायचं तेव्हा काय करायचात? थंड पाणी लावायचो आणि झोपवायचो. कुठल्या डॉक्टरकडे नेलं होतं? नाही. औषध? नाही. दिसण्याची तक्रार?

आयने मान वर केली. "दिसन्याची? अवो, हिची नजर म्हंजे काय होती. धक्क्यावर आमी पंदरा बाया उभ्या असायचो. होडी लांब असली की कोनाची ते कलत नसे. ही मासं निवडत खाली बसलेली असायची. मान वर न करता सांगायची, आय, आपली आली. अंगाच्या बाजूनं दिसायचं हिला. मागच्या नाताळाच्या आधीपन होडी आली ते हिनंच सांगितलं. आता माजी पाटी दिसत नाय तिला."

आणि मग ती रडली. मी तिला बा गेल्यावरही लोकांसमोर रडताना पाहिलेलं नाही.

मॅडमनी तिथल्या तिथे त्या तरुण डॉक्टरांना बोलावलं. त्यांना रागावल्या नाहीत. दोघांनी मिळून नव्याने सगळं विचारून घेतलं, मलाही विचारलं, आणि कंपनीला पत्र लिहिलं. लहानपणीच्या उन्हाच्या डोकेदुखीचा या गाठीशी संबंध नाही, पूर्वी निदान नाही, उपचार नाहीत, नजरेचा त्रास अलीकडचा आहे, आणि ऑपरेशन लांबवलं तर नजर जाऊ शकते. आधीची नोंद कशी झाली तेही लिहिलं. वैशालीने ते पाठवलं आणि कंपनीच्या डॉक्टरांशी मॅडमचं फोनवर बोलणं करून दिलं.

मग वाट बघणं. आयने जपमाळ काढली. डॉमनिक तिच्या शेजारी जाऊन बसला आणि डबा उघडून तिच्या पुढ्यात ठेवला. त्याची माफी मागायची पद्धत ही अशीच आहे. ती जेवली.

दुपार कलताना मंजुरीचा मेसेज आला. डॉमनिकने तो वाचला, परत वाचला, फोन माझ्या हातात दिला आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

भिंतीवरचं घड्याळ

ऑपरेशनचं मला काय आठवणार? जाताना नाकातली चमकी काढून आयच्या तळहातावर ठेवली. एवढ्याशा भोकाची इतकी वर्षं काळजी घेतली आणि आता शेजारच्या दारातून माणसं आत जाणार, असं काहीतरी मी बोलले म्हणे. भूल देणारे डॉक्टर हसले, तेवढं आठवतं.

जाग आली तेव्हा नाक बंद, घसा कोरडा, डोकं दगड. कोणीतरी नाव विचारलं, मी सांगितलं. मी छताकडे बघत पडले होते. आणि छताकडे बघता बघता मला एक गोल दिसला. डाव्या बाजूला, भिंतीवर. त्यात काटे होते. ते घड्याळ होतं. मी मान वळवली नव्हती.

मी उजवीकडे बघायचं टाळलं. घाबरले. मग नुसतं समोर बघत राहिले आणि वाट बघितली. उजवीकडे एक निळा पडदा होता. तो हलत होता. त्याच्याजवळ एक नर्स सलाइन लावत होती. सगळं मला समोर बघता बघता दिसत होतं. जग दोन्ही बाजूंनी परत आलं होतं, धुरकट, पण आलं होतं. मी रडायला लागले तशी नर्स धावली, नाकावर ताण द्यायचा नाही म्हणून ओरडली. तिला काय सांगू? मला तिचा हात दिसत होता.

मॅडम म्हणाल्या, नसा वेळेवर सुटल्या. मांडीतली थोडी चरबी घेऊन त्यांनी आतली वाट बुजवली होती. हे ऐकून मी पुन्हा थक्क झाले. माझ्या मांडीला डोक्यात नोकरी लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

पुढचे दिवस पाण्याचे. किती प्यायलं, किती गेलं, सगळं मोजायचं, कारण तहानेचा कारभार पाहणाऱ्या त्या वाटाण्याला धक्का बसलेला असतो. वाकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं. वास अजिबात येत नव्हता. कोळ्याच्या घरात वास नाही म्हणजे घरच नाही. घरी आल्यावर कित्येक दिवसांनी अंगणात वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आला, अगदी पुसट. शेजारच्या सोसायटीतले लोक ज्या वासाला नाक मुरडतात, त्यासाठी मी दारात उभं राहून देवाचे आभार मानले.

जे विचारतात त्यांना

खरंच देतात का? मला दिले. अडवलं, विचारलं, आणि खरं कळल्यावर दिले. सगळ्यांना असंच होईल असं मी म्हणणार नाही. नाकारलेले दावे मीही ऐकले आहेत. नाकारलं तर कारण लेखी मागा, डॉक्टरांचं पत्र जोडून पुन्हा पाठवा, तरी नाही ऐकलं तर विमा लोकपालाकडे दाद मागता येते. पण घेताना आजार लपवू नका, आणि दाखल होताना नसलेला आजार जोडू नका. दाखल होताना माणसाजवळ जो बसेल त्याला आधी हे सांगून ठेवा. आमच्या बायकांना तर दोनदा सांगा.

आणखी एक. डॉमनिकला मला एकटीची खोली द्यायची होती, प्रेमाने. वैशालीने थांबवलं. पॉलिसीत खोलीच्या भाड्याला मर्यादा असेल आणि तुम्ही वरची खोली घेतलीत, तर नुसता भाड्याचा फरक भरून सुटका होत नाही, बिलातल्या बऱ्याच गोष्टी त्याच प्रमाणात कापल्या जातात. म्हणून मी दोन खाटांच्या खोलीत राहिले. शेजारच्या खाटेवर बोयसरच्या एक बाई होत्या, छान गाणाऱ्या. एकटीच्या खोलीत त्या मिळाल्या नसत्या.

आणि ही माझी स्वतःची गोष्ट. त्या खाटेवर पडल्यापडल्या मी विचार करायची, हे पैसे आले कुठून? कंपनीकडून, हे झालं कागदावरचं उत्तर. पण कंपनीकडे आले कुठून? जव्हारला कोणी मास्तर असेल, जूचंद्रला कोणी नवं जोडपं असेल, जे दरवर्षी भरतात आणि ज्यांना काही झालेलं नाही. त्यांच्यातल्या कोणाला तरी माझ्यासारखीच घरातून बोलणी बसत असतील. फुकट गेले म्हणून ते हळहळले असतील, आणि इथे मला घड्याळ दिसत होतं. मी त्यांना ओळखत नाही. ते मला ओळखत नाहीत. मिस्सेत आपण ज्यांच्यासाठी प्रार्थना करतो ते लोक मला इतके जवळचे कधी वाटले नव्हते.

आयला हे सांगितलं तेव्हा तिला पटेना. "आपल्याला न वलखनारे? आपला वाटा काढतात?"

"हो."

"आनि आभार?"

"कोणाचे मानणार?"

तिने बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, "तुज्या बाची होडी एवढी मोठी नव्हती."

धक्क्यावर

परवा मी पुन्हा पाचूबंदरच्या धक्क्यावर गेले. मॅडमनी वाकायला परवानगी दिली होती, म्हणून आयजवळ बसून बोंबील निवडत होते. मान खालीच होती. डाव्या बाजूला, लांब पाण्यावर काहीतरी हललं. लाल बावटा, आमच्या होडीचा.

"आय," मी म्हटलं, "आपली आली."

आयने डोळ्यांवर हात धरला. तिला काही दिसलं नाही. तिला दिसायला पाहिजे असंही नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मासे निवडायला लागली, भराभर.

तेवढ्यात फोन वाजला. विम्याचा हप्ता भरल्याचा मेसेज होता. यंदा डॉमनिकने स्वतः भरला होता, जाळ्याचं नाव न काढता. मी आयला सांगितलं.

"आपला वाटा गेला?"

"गेला."

"कोनाला गेला?"

"ते कळत नाही आय. ज्याला लागेल त्याला."

तिने हात लुगड्याला पुसले. समुद्राकडे नाही, गावाच्या बाजूला तोंड केलं, जिकडे रस्ते जातात आणि ज्यांना आम्ही ओळखत नाही ती सगळी माणसं राहतात. क्रुसाची खूण केली.

"ज्याला जाल त्याला गुन येव दे," ती म्हणाली, आणि पाटी उचलून होडीकडे निघाली.